आमची गाडी मिसिंग का करत होती

हे आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलाला नाही, आणि ह्यांना तर — ह्यांना सांगता आलं असतं तर लिहायला कशाला बसले असते? तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. ही सोय बरी वाटली. पण फार मोठी अपेक्षा ठेवू नका हं. खून-मारामारी काही नाही. एक वायर आहे. म्हणजे, वायरीपासून सुरुवात आहे.

आधी गाडीचं सांगते. पूर्वी काळ्या-पिवळ्या टॅक्सी असायच्या ना, त्याच जातीची आमची गाडी, फक्त फिक्या निळ्या रंगाची. ह्यांनी तरुणपणी घेतली आणि मग सोडलीच नाही. मार्केट यार्डाजवळ आमची सोसायटी आहे. तिथल्या पार्किंगमध्ये ती अंगभर चादर पांघरून झोपलेली असते. चादर म्हणजे खरोखरची सोलापुरी चादर — माझ्या रुखवतातली. लग्नात मला विचारून घेतलेली ती एकच वस्तू, आणि ती गाडीच्या अंगावर गेली. असो.

हे एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होते. मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर. ट्रंक बोर्डावर बसायचे — समोर भोकांची भिंत, हातात पिना, ह्या गावाची पिन त्या भोकात. त्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले. पिन पूर्ण आत गेली की बोलणं स्वच्छ. पिन पूर्ण बाहेर असली की शांतता. आणि पिन अर्धवट असली, की माणूस वेडा होतो. मध्येच आवाज येतो, मध्येच जातो, आणि दोष कुठे आहे ते दोन्हीकडच्यांना कळत नाही. हे ज्ञान घेऊन मी रिटायर झाले. संसारात त्याचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता किसनराव. ह्यांचे कारखान्यातले मित्र. हे ड्रॉइंग काढायचे आणि टूलरूममधले किसनराव ते कुठे चुकलंय ते सगळ्यांसमोर ओरडून सांगायचे. त्यातून घट्ट मैत्री झाली. गाव लोणी काळभोर. घरचा ऊस, दारात ट्रॅक्टर, गोठ्याशेजारी एक जुनी जीप. आवाज असा की त्यांचा फोन आला की हे फोन कानापासून हातभर लांब धरतात आणि मी स्वयंपाकघरातून उत्तर देते. मला वहिनी म्हणतात. मी त्यांना भावजी.

जुन्या गाडीत प्लगला ठिणगी वेळेवर पोचवायला पॉइंट्स नावाचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते काळे पडतात, मग घासायचे, मध्ये बारीक फट ठेवून परत बसवायचे. हे वर्षानुवर्षं करत आले होते. अलीकडे त्यांना ती फट काही जमेना. का जमेना, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं, नाही का? पण आम्हां दोघांनाही पॉइंट्सचाच राग आला. मग किसनराव म्हणाले, "आरं, किती दिवस घासत बसणार हायस? आता विलेक्ट्रॉनिक किट मिळतं. पॉइंट काढायचे, हे बसवायचं, इसरून जायचं." आणि स्वतःच कुठूनसं मागवून, स्वतःच्या हाताने बसवून गेले. त्या किटमधून दोन वायरी बाहेर येतात, एक लाल, एक काळी. टोकाला पितळेची क्लिप. ती शेजारच्या, ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर नुसती दाबून बसवायची. झालं. एवढंच यंत्रशास्त्र तुम्हाला लागणार आहे.

गाडी इतकी सुरेख चालायला लागली की ह्यांनी दर रविवारी लोणीला जायचा नेम धरला. हडपसरच्या गर्दीतून, सोलापूर रस्त्याने, पंखा नाही, काच खाली करायचं हँडल माझ्या गुडघ्यात. मांडीवर दडपे पोह्यांचा डबा. मी कधी म्हटलं का, की मला रविवारी घरी पडून राहायला आवडेल? नाही म्हटलं. मी ह्यांना तोंडावर नकोसं असं काही कधी बोललेच नाही. गणपतीत सोसायटीत हे गातात. दर वर्षी विचारतात, कसं झालं? दर वर्षी मी म्हणते, छान. आता मला सांगा, जिने हे चाळीस वर्षं केलं, ती एकाएकी खरं कुठून बोलणार?

पहिल्या वेळी माझा काही दोष नव्हता. हे आत्ताच नोंदवून ठेवते, कारण यापुढे असं म्हणायची संधी मिळणार नाही. ह्यांनी बॉनेट उघडून ठेवलं होतं, मी फडक्याने धूळ पुसत होते, आणि फडकं कशाला तरी अडकलं. ओढलं, निघालं. त्या रविवारी शंकरशेठ रस्त्यावरच गाडी आचके द्यायला लागली. दर गतिरोधकाला एक उचकी. मागून टेंपोवाले शुभेच्छा देत होते. हे कान टवकारून म्हणाले, "मिसिंग करतेय." आम्ही परत फिरलो, आणि मी त्या दुपारी पंख्याखाली दोन तास झोपले. किती छान झोपले म्हणून सांगू!

संध्याकाळी कोथिंबीर आणायला खाली गेले तर बॉनेट उघडंच. बघते तर लाल वायरीची क्लिप अर्धी बाहेर. मी अंगठ्याने दाबली. टक् असा आवाज झाला — अगदी ट्रंक बोर्डावर व्हायचा तसा. वर जाऊन सांगणारच होते. पण वर हे फोनवर होते, आणि पलीकडून किसनराव तीन कारणं एकदम सांगत होते: पेट्रोलमध्ये पाणी असंल, प्लग काळे झाले असतील, कार्ब्युरेटरमध्ये कचरा असंल. ह्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी असा उजळलेला दिसला. म्हटलं, सांगू नंतर.

दुसऱ्या दिवशी किसनराव आले आणि गाडी त्यांच्यासमोर शहाण्या मुलीसारखी चालली. तरीही दोघांनी प्लग बदललेच. खूश होऊन चहा प्यायले. आता कशाला सांगायचं?

मग पुढच्या रविवारी फ्लेक्स भेटला.

लोणीला जाताना वाटेत ह्यांनी गाडी एकदम बाजूला घेतली, थांबवली, आणि समोर बघून हात जोडले. "ओळखीचे वाटतात, कोण हो हे?" मी बघितलं. रस्त्याकडेला कोणा स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स उभा होता. माणसाएवढा, हात जोडलेला, हसरा. मी म्हणाले, "असतील कोणीतरी." हे म्हणाले, "चांगला माणूस दिसतोय," आणि गाडी सुरू केली.

मला हसू आलं. अगदी मनापासून आलं. आणि मग पुढचे सगळे किलोमीटर मी डबा घट्ट धरून बसले. कारण मग सगळं जुळायला लागलं. सिग्नलला हे दिवा बघत नव्हते. मागच्याचा हॉर्न वाजला की निघत होते. सकाळचा पेपर हात लांब करकरून धरत होते आणि शेवटी "काही बातम्याच नाहीत हल्ली" म्हणून ठेवून देत होते. पॉइंट्सची फट का जमत नव्हती, तेही कळलं.

काय करायला हवं होतं? तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं. म्हणायचं, "तुम्हाला नीट दिसत नाहीये, डॉक्टरांकडे चला." एवढंच वाक्य. मी ते गॅससमोर उभी राहून पाठ केलं. आणि हे आत आले की म्हणायचे, "चहा घेणार?"

शनिवारी संध्याकाळी हे अंघोळीला गेले, तेव्हा मी खाली उतरले, बॉनेट वर केलं आणि लाल वायर दोन बोटांनी अर्धी ओढली. पूर्ण नाही. अर्धी.

रविवारी गाडीने आचके दिले, आम्ही परत फिरलो. हे फोन करायला वर गेले आणि मी कोथिंबीर आणायला खाली. टक्. सोमवारी किसनराव आले, गाडी उत्तम. त्या काळात आमच्याकडे इतकी कोथिंबीर आली की आम्ही वड्या करून शेजाऱ्यांना वाटायचो.

मग जे सुरू झालं ते काही महिने चाललं. कॉइल नवी आली. प्लगच्या वायरी नव्या आल्या, कारण किसनरावांच्या मते साध्या वायरींनी किटचं डोकं फिरतं. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली. कार्ब्युरेटर माझ्या पुरणाच्या परातीत पडून होता. जुन्या गाड्यांचा कसलासा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथले कोथरूडचे एक गृहस्थ रोज सुप्रभातच्या फुलाबरोबर एक नवं निदान पाठवायचे. खराडीहून आमचा मुलगा आला, त्याने तासभर गाडी पार्किंगमध्ये चालवून बघितली आणि म्हणाला, "बाबा, रिप्रोड्यूसच होत नाहीये. आमच्याकडे असा बग आम्ही क्लोज करतो." हे त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

मी बॅटरी धरून उभी असायचे. उजेड पाडायला. सगळ्यावर उजेड पाडायचे मी, लाल वायरीवर सोडून.

तुम्ही म्हणाल, ह्यांच्या जिवासाठीच केलं ना? मीसुद्धा स्वतःला हेच सांगत होते, आणि ते ऐकायला बरंही वाटायचं. पण खरं सांगू? रविवारची झोपही मला आवडत होती. आणि शनिवारी ते बॉनेट उघडताना — सांगायला लाज वाटते — थोडी मजा यायची. दोन इंजिनिअर, एक सॉफ्टवेअरवाला, एक कोथरूड. आणि वायर माझ्या दोन बोटांत.

इथवर सांगितलेलं हे सगळं मी एखाद्या दिवशी हसत हसत सांगून टाकलंही असतं. पण जे सांगायचं होतं ते हे नव्हे. ते अजून यायचंय.

एका रविवारी हडपसरला गाडी भर चौकात बंदच पडली. वायर बहुतेक जास्त ओढली गेली होती. मागे बसची रांग, ह्यांना शर्ट भिजेपर्यंत ढकलावी लागली. लोक हसले. एक जण म्हणाला, काका, भंगारात किती देतात विचारा. गाडी एका टेंपोला बांधून घरी आणल्यावर ह्यांनी किसनरावांना बोलावून घेतलं. ते आले तोवर मी अर्थातच कोथिंबीर आणली होती. चावी फिरवली, गाडी सुरू. किसनराव हसले. हसायला नको होतं.

"हे तुझं किट," हे म्हणाले. "ते बसवल्यापासून गाडीची वाट लागली."

"माझ्या किटला काय झालंय? येकदा तरी माझ्यासमोर मिसिंग कर म्हन की तिला!"

"म्हणजे मी खोटं बोलतो?"

"खोटं न्हाई रं. पण तुला चालवता येती का आता नीट, हे बी बघ की."

एवढ्यावर हे पांढरेफटक पडले. किसनरावांच्या मनात डोळ्यांचं होतं की नुसता राग, देव जाणे. पण तो क्षण माझा होता. तिथे एक वाक्य पुरलं असतं. हे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू सांग. तू रोज बघतेस. किट बसवायच्या आधी गाडी कधी मिसिंग करत होती?"

दोघं माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात ट्रे होता.

मी म्हणाले, "नाही. आधी कधी नाही."

बघा ना, शब्दन् शब्द खरा होता. इतकं खरं वाक्य मी ह्यांच्याशी वर्षानुवर्षांत बोलले नसेन. आणि त्याच्याएवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

किसनरावांनी कप खाली ठेवला. चहा तसाच. हे त्याच दिवशी खाली गेले, किट उचकटून काढलं, जुने पॉइंट्स परत बसवून घेतले — सोसायटीतल्या इलेक्ट्रिशियनकडून, कारण स्वतःला फट दिसत नव्हती — आणि किट मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालून माणसाबरोबर लोणीला परत पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही, निरोप नाही. चाळीस वर्षांची मैत्री पेढ्यांच्या खोक्यातून गेली.

आणि गाडी सुरळीत चालायला लागली! चालणारच. पॉइंट्सची वायर नटाने घट्ट आवळलेली असते; ती माझ्या बोटांना हलेना. म्हणजे किसनरावांवरचा आरोप माझ्याच नाइलाजाने सिद्ध झाला. हे ज्याला त्याला सांगत सुटले, "बघा, किट काढलं आणि गाडी ठणठणीत." मी मान डोलवायचे.

थोड्या दिवसांनी दुपारी बेल वाजली. हे कटिंगला गेले होते. दारात किसनराव. आत येऊन बसले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. ते किट त्यांनी आपल्या जीपला बसवलं होतं. "येकदाबी मिसिंग न्हाई, वहिनी." मग खिशातून रुमाल काढला, त्यात लाल वायरीची जुनी क्लिप होती. त्यांनी ती बदलली होती. "हिचं तोंड बघा कसं फाकलंय. पितळ घासून चकाकतंय. ही येकदा बसवली की पुन्हा हात लावायचं कामच पडत न्हाई. ही लई वेळा काढलीया आन् लई वेळा घातलीया."

 ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खाली पार्किंगमध्ये पोरं खेळत्यात का वो?"

वाट करून देत होते मला. पोरं म्हटलं असतं तर पोरांवर गेलं असतं. खरं म्हटलं असतं तर सुटले असते. मी काय केलं असेल?

मी म्हणाले, "चहा टाकते."

"टाका," ते म्हणाले. पूर्ण कप प्यायले. उठताना क्लिप परत रुमालात गुंडाळली आणि म्हणाले, "त्याला काय बोलू नका. उगं घरात कशाला." आणि गेले.

ह्यांना मी सांगितलंही नाही की ते येऊन गेले.

पुढे व्हायचं ते झालं. ठणठणीत गाडी घेऊन हे एका सकाळी मार्केट यार्डाच्या रस्त्याने निघाले आणि लाल भोपळ्यांनी भरलेल्या हातगाडीत घुसले. मी शेजारीच होते. कोणाला लागलं नाही. भोपळे मात्र गडगडत पार चौकापर्यंत गेले, आणि त्यांच्यामागे दोन हमाल. हातगाडीवाला कमरेवर हात ठेवून खिडकीशी आला. "आजोबा, भोपळा दिसत न्हाई व्हय तुमाला? येवढा मोठा?"

जे वाक्य मी महिनोन्महिने गॅससमोर पाठ करत होते, ते एका अनोळखी माणसाने फुकटात म्हणून टाकलं. आणि हे काय म्हणाले माहीत आहे? रागावले नाहीत. पेपरही वाचत बसले नाहीत. घरी आल्यावर खुर्चीत बसून हळूच म्हणाले, "मला तो खरंच दिसला नाही गं." आणि, "बरेच दिवस दिसत नाहीये. तुला सांगायचं धाडस होत नव्हतं."

म्हणजे आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना तेच सांगायला घाबरत होतो! मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पट्टी निघाली, तेव्हा हे भिंतीकडे बघून म्हणाले, रंग कधी दिला? मग माझ्याकडे बघितलं. "अगं, तुझे केस इतके पांढरे?" मी म्हणाले, कधीचेच आहेत.

त्याच दिवशी मी सगळं सांगू शकले असते. हे इतके मोकळे झाले होते. मी तोंड उघडलं, आणि हे म्हणाले, "एक मात्र खरं. किट काढलं हे बरंच केलं." मी तोंड मिटलं.

हे आता छान गाडी चालवतात. लोणीला सोडून सगळीकडे जातात.

गेल्या महिन्यात किसनरावांच्या नातीचं लग्न झालं. पत्रिका दोघांच्या नावाने आली. हे म्हणाले, "तुला जायचं तर जा." मी बसने एकटीच गेले. मांडवात गर्दी होती, तरी किसनरावांनी मला लांबून पाहिलं, पुढच्या ओळीत खुर्ची दिली, सुनेला पाणी आणायला सांगितलं, आणि शेजारी टेकून सगळ्यांत आधी एकच विचारलं, "त्याला नीट दिसतंय का आता?"

मी म्हणाले, "हो, अगदी स्वच्छ."

"मग झालं," ते म्हणाले, आणि नवरदेवाकडच्या लोकांना वाढायला गेले.

घरी पोचले तेव्हा हे दारातच उभे होते. चप्पल काढेपर्यंतही त्यांना दम नव्हता. जेवण काय होतं, गर्दी किती होती, असलं काहीबाही विचारलं. मग पाठ करून, खिडकीचा पडदा सारखा करत म्हणाले, "माझं काही विचारलं का त्याने?"

मी म्हणाले, "नाही."